भाडेकरारावरचा चुलतभाऊ

नोएडात किंवा गुरुग्राममध्ये दोन पुरुषांना संसार मांडायचा असतो, तेव्हा दलालाला काय सांगायचं हे आधी ठरवावं लागतं. एकाच ऑफिसातले सहकारी, नाहीतर चुलतभाऊ. परवडत नसलं तरी घर दोन खोल्यांचं घ्यायचं, कारण गावाहून आई-वडील आले की दुसरी गादी वापरातली दिसली पाहिजे. सोमवारी डबा खाताना सुट्टीची गोष्ट निघाली, की ‘आला’ऐवजी ‘आली’ म्हणायचं आणि ते पुढच्या सोमवारी लक्षात ठेवायचं. दोघी मैत्रिणींना घर त्यामानाने सहज मिळतं; त्यांची कोंडी घरचे स्थळं पाहू लागले की सुरू होते.

समलिंगी संबंध आता गुन्हा नाहीत, मग हे लपवणं कशासाठी, असं पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटतं. त्याचं एक उत्तर दिल्लीच्याच न्यायालयीन इतिहासात आहे. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयात सोलापूरचे न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. मुरलीधर यांनी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना भारतीय दंडविधानाच्या कलम 377 मधून वगळलं. त्या भरवशावर काहींनी घरी, कचेरीत सांगून टाकलं. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि बोलून बसलेली माणसं पुन्हा कायद्याच्या कचाट्यात सापडली. 6 सप्टेंबर 2018 रोजी त्याच न्यायालयाने सुटका केली खरी, पण एकदा उघडलेलं दार अंगावर बंद झाल्याची आठवण निकालपत्राने पुसली जात नाही.

दुसरं उत्तर अधिक व्यवहारी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. म्हणजे नातं उघड केलं तर घर, नोकरी, माहेर पणाला लागतं आणि बदल्यात वारसाहक्क मिळत नाही, पेन्शन मिळत नाही. डेटिंग ॲपवरून भेटीला बोलावून लुबाडणाऱ्या टोळ्यांना हे पक्कं ठाऊक असतं; घरी कळेल या भीतीने माणूस पोलिसांकडे जाणार नाही, यावरच त्यांचा धंदा चालतो. मोकळेपणाची किंमत उघडपणे समलिंगी असलेले ज्येष्ठ वकील सौरभ कृपाल यांनाही चुकली नाही. 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी त्यांची शिफारस झाली. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने ती पुन्हा केली, त्यांच्या उघडपणाचं श्रेयही दिलं. तरी नियुक्ती अडलेलीच राहिली.

म्हणून लपवणाऱ्याला भित्रा किंवा खोटारडा ठरवणं आम्हाला अन्यायाचं वाटतं. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खातं उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी नेमण्यास आडकाठी नसल्याचं स्पष्ट केलं. पाऊल योग्य आहे, पण खात्यावर दोन नावं लावणाऱ्यांना पोलीस पडताळणीच्या अर्जावर अजूनही चुलतभाऊच लिहावं लागतं. जोडीदारीची कायदेशीर नोंद आणि घरभाड्यातल्या भेदभावाला बंदी, या दोन गोष्टी संसदेच्या हातात आहेत.