मागच्या सीटचा हक्क

परवा पुतण्या म्हणाला, "चाचा, गाडीला मागचे एअर शॉकअप बसवायचेत. थोडे पैसे कमी पडतायत." दोन वर्षांपूर्वी हे ऐकलं असतं तर मी त्याला बसवून अर्धा तास सुनावलं असतं. आपल्या मोहल्ल्यात गाडीवरच्या खर्चाचा अर्थ ठरलेला आहे. फटाके फोडणारा सायलेन्सर, डोळे दिपवणारे एलईडी, नंबर प्लेटवर भलतीच अक्षरं. शॉकअपही मी त्याच यादीत टाकले असते. या वेळी मात्र पैसे दिले. घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं, म्हणून हा खुलासा लिहितो आहे. तो घरापुरता नाही, असं मला वाटतं.

मागच्या वर्षी पाऊस संपता संपता मी अम्मीला घेऊन हातकणंगल्याहून इचलकरंजीला निघालो होतो. आठ-दहा किलोमीटरचा रस्ता. आपल्याकडचे दवाखाने, कापड, लग्नाची खरेदी, सगळं तिकडेच. मगरिबची वेळ झाली होती. वाटेत एक नवा गतिरोधक घातला होता. पट्टे नाहीत, पाटी नाही. गाडीचा वेग तीसच्या आसपास असेल. मला तो अगदी शेवटच्या क्षणी दिसला. ब्रेक दाबला आणि सवयीने फूटरेस्टवर पाय रोवून बूड उचललं. अम्मी मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी. तिला काहीच दिसलं नव्हतं. मागून फक्त "या अल्ला" ऐकू आलं.

एक्स-रेमध्ये कंबरेच्या वरचा एक मणका पुढच्या बाजूने चेपलेला निघाला, पाचरीसारखा. डॉक्टरांनी सांगितलं, वयामुळे हाडं आधीच ठिसूळ झाली होती, एवढा हिसका पुरला. त्या वयात पडायची, आपटायचीही गरज नसते. तीन महिने पट्टा. आता अम्मी वडापने जाते, माझ्या गाडीवर बसत नाही. तिने मला कधी बोल लावला नाही. तिने बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट वेगाची नाही. धक्का येतोय हे दिसल्यावर मी स्वतःला उचललं, ही ती गोष्ट आहे. चालवणाऱ्याला रस्ता दिसतो, त्याच्या हातात हँडल असतं, गुडघ्यांत टाकी असते. मागे एकअंगी बसलेल्या बाईचं तोंड शेताकडे असतं आणि पाठ पिळलेली असते. त्यातून ती जवळपास मागच्या चाकावरच बसलेली असते. चालवणारा दोन चाकांच्या मध्ये बसतो, म्हणून मागचं चाक चार इंच उचललं तर तो दोन-अडीच इंच उचलला जातो, मागचा माणूस जवळजवळ पूर्ण चार. एकाच गाडीवर, एकाच खड्ड्यात दोघांचे प्रवास वेगळे होतात.

गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने मागच्या शॉकअपच्या बुडाशी बोट लावलं आणि मला बघायला सांगितलं. तिथे खाचांची एक रिंग असते. आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या स्प्लेंडरला अशा पाच खाचा आहेत, बहुतेक गाड्यांना तशाच काहीतरी असतात. माझी रिंग सगळ्यात खालच्या खाचेवर होती, वर नऊ वर्षांची वाळलेली माती. म्हणजे गाडी शोरूममधून एकट्या माणसासाठी लावून आली आणि त्यानंतर तिच्यावर बायको बसली, अम्मी बसली, दोन पोरं बसली, सणाला तांदळाचं पोतं बसलं, पण रिंग तिथेच. "भाई, सगळ्यांची अशीच असत्यात," मिस्त्री म्हणाला. "लोकं ऑइल बदलत्यात, चेन ताणत्यात. हितं कुणी वाकून बघत न्हाई."

या रिंगेबद्दल एक गैरसमज सरसकट आहे. लोक म्हणतात, रिंग वर केली की शॉकअप "कडक" होतो. स्प्रिंग तीच, तिची ताकदही तीच. रिंग फिरवल्याने ती आधीच थोडी दाबून बसवली जाते, त्यामुळे वजन पडल्यावर गाडी कमी खाली बसते. ते महत्त्वाचं का? शॉकअपला वर-खाली होण्यासाठी ठरावीकच जागा असते. दोन माणसं बसताच त्यातली बहुतेक जागा संपली, तर खड्डा आल्यावर शॉकअपकडे द्यायला काही उरत नाही. तो तळाला आदळतो आणि तो आघात थेट मागच्याच्या कंबरेत जातो. घरी मोजता येतं. गाडी मेन स्टँडवर लावून, मागचं चाक अधांतरी ठेवून, चाकाच्या धुरीपासून सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत अंतर घ्या. मग गाडी स्टँडवरून काढून दोघं बसा आणि तिसऱ्याला पुन्हा मोजायला सांगा. शॉकअपच्या एकूण चालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी गाडी खाली बसली तर ठीक. माझी कितीतरी जास्त बसत होती.

तर मग रिंग फिरवा आणि प्रश्न संपवा, एअर शॉकअप कशाला? मीही हेच म्हटलं होतं. पण आपल्या गाडीचा एक दिवस आठवून बघा. सकाळी मी एकटा. दहा वाजता मागे बायको. दुपारी पुतण्या तीच गाडी घेऊन इचलकरंजीहून कापडाचे तागे आणतो. संध्याकाळी पुन्हा एकटा. रिंग फिरवायला हुक पाना लागतो, गंजलेली असेल तर हातोडीही. दिवसातून चार वेळा हे कोण करणार? म्हणून रिंग नऊ वर्षं जागेवर राहते. पाच खाचांची सोय कागदावरची सोय आहे.

हवा इथे खरोखर उपयोगी पडते. मुंबई-पुण्याच्या शिवनेरीत बसलेल्यांना आठवेल, बस रिकामी असो की भरलेली, तिची उंची फारशी बदलत नाही. पोलादी पाट्यांच्या जागी तिथे हवेच्या उशा असतात, वजन वाढलं की त्यांत हवा वाढते. मोटारसायकलला हे नवं नाही. कॅलिफोर्नियात बॉब फॉक्सने १९७०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांसाठी हवेचे शॉकअप बनवले, आणि होंडाची १९८० सालची गोल्डविंग जीएल ११०० हवेचं सस्पेन्शन घेऊनच आली. दाबलेल्या हवेचा एक गुण शाळेत बॉइलच्या नियमात शिकवला होता: जागा निम्मी केली की दाब दुप्पट होतो. म्हणून हवेचा शॉकअप बारीक खड्ड्यांना मऊ राहतो आणि मोठ्या हिसक्याला शेवटी शेवटी घट्ट होत जातो. वजन बदललं तर छोट्या पंपाने दोन मिनिटांत दाब बदलता येतो. बसायचं मन झालं तर वाकायची गरज नाही, पाना नको.

पण बाजारात "गॅसवाला" आणि "एअरवाला" यांची सरमिसळ करून विकतात, तिथे सावध राहा. पल्सरच्या "नायट्रॉक्स"पासून आपल्याकडे गॅसच्या शॉकअपचं नाव झालं. त्यातला नायट्रोजन तेलाला फेस येऊ नये म्हणून असतो, म्हणजे खराब रस्त्यावर तासभर चाललं तरी तेल आपलं काम सोडत नाही. चांगली गोष्ट आहे, पण वजन तिथेही स्प्रिंगच पेलते. हवेच्या शॉकअपमध्ये वजनाचा काही भाग किंवा सगळं वजन हवा पेलते. तिसरा प्रकार निव्वळ शोभेचा. पुतण्याच्या मित्राने स्वस्तात आणलेल्या जोडीला वर सोनेरी डबी होती. मिस्त्रीने खोलली तर डबी आतून कोरडी, शॉकअपशी तिचा काही संबंधच नाही. मागच्या सीटला त्याचा काय उपयोग?

आम्ही आमच्या गाडीला स्प्रिंग आणि हवा दोन्ही असलेली जोडी लावली. पहिल्याच दिवशी घोळ केला. पंक्चरच्या दुकानात जाऊन कॉम्प्रेसरने हवा भरली. टायरमध्ये हवेला ऐसपैस जागा असते, शॉकअपमध्ये जेमतेम चहाच्या कपाएवढी. फुस्स झालं आणि दाब कुठल्या कुठे गेला, एका बाजूचं सील कामातून. "हवा भरायची न्हवं, मोजायची," मिस्त्री म्हणाला आणि काटा लावलेला हातपंप हातात ठेवला. आता दोन्ही बाजूंचा दाब सारखा ठेवतो, सकाळी गाडी थंड असताना बघतो, कारण तापल्यावर काटा जास्त दाखवतो. सील झिजतात, हवा हळूहळू उतरते, आठवड्याला बघावं लागतं. ज्याच्याकडून टायरची हवाही बघून होत नाही त्याने या भानगडीत पडू नये. त्याला चांगली स्प्रिंगच बरी.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठासून सांगितलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. म्हणून गाडीची उंची बदलेल, जोडणी कापावी-वेल्डिंग करावी लागेल असलं काही लावू नका. मूळ मापाचेच घ्या आणि आधी आरटीओत विचारून घ्या.

हे शॉकअप खेळणं म्हणून विकले जातात, याचा मला राग आहे. महामार्गावर एकटा फिरणाऱ्या शौकीनाला त्यांची गरज सगळ्यात कमी. गरज आहे ती केळीचे क्रेट बांधून बाजार गाठणाऱ्या बागवानाला, ताग्यांच्या गठ्ठ्यावर पोराला बसवणाऱ्याला, बायको-मुलांसह दर्ग्याला निघालेल्याला. देशातले शॉकअपचे मोठे कारखाने याच महाराष्ट्रात आहेत. गॅब्रिएल १९६१ साली मुंबईत सुरू झाली, एन्ड्युरन्स औरंगाबादच्या वाळूजची. शंभर सीसीच्या गाडीला हवेचा जाऊ दे, निदान हाताने फिरवता येईल असा खटका द्यायला काय हरकत आहे? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम मागच्या माणसाला हाताला धरायला, पायाला टेकायला आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून आडोसा देतो. साडीची, बुरख्याची काळजी कायद्याने केली. साडीच्या आतल्या पाठीची अजून कुणी केलेली नाही.

रस्त्यांचं तर विचारूच नका. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, माथा गोलाकार, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा. ४० मीटर आधी पाटी, वर काळे-पांढरे पट्टे. मी एका रविवारी टेप घेऊन आमच्या आसपासचे चार मोजले. एकही मीटरभरापेक्षा रुंद नव्हता. तो उतार नव्हे, उंबरठा आहे. शॉकअप कितीही भारी लावा, उंबऱ्यावर गाडी उडणारच. अर्ज दिला आहे, पोच मिळाली आहे.

आता आपल्या लोकांशी थोडं. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत एक हदीस आहे. प्रवासात अंजशा नावाचा माणूस गात गात उंट हाकत होता. गाण्याच्या तालावर उंट वेग धरतात आणि त्या उंटांवर स्त्रिया बसल्या होत्या. पैगंबर साहेबांनी त्याला हळू हाकायला सांगितलं आणि त्या स्त्रियांना काचेच्या भांड्यांची उपमा दिली. काही भाष्यकार त्याचा रोख अंजशाच्या गोड गळ्याकडे लावतात, बायकांची मनं विरघळतील म्हणून. मला दुसरा, साधा अर्थ पटतो. उंटाच्या हिसक्यांनी मागे बसलेलीला इजा होते हे ज्यांना दिसलं, त्यांनी ते हाकणाऱ्याला सांगितलं. ही हदीस मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. स्त्रिया नाजूक असतात, त्यांनी घरात राहावं, अशा तऱ्हेच्या बयानात ती यायची. हुकूम हाकणाऱ्याला होता, बसणारीला नव्हे, एवढी गोष्ट माझ्या लक्षात यायला अम्मीचा मणका जावा लागला.

आमच्या वस्तीत दहा तरुणांना विचारलं, सायलेन्सर बदललेले चार निघाले. मागच्या शॉकअपची रिंग कधी फिरवली का, यावर कुणाचंच उत्तर नव्हतं. "मागे बसणारीला कधी विचारलंस का, हिसका बसतो का?" यावर एकजण हसला. म्हणाला, "त्यात काय विचारायचं?"

म्हणून पुतण्याला पैसे देताना अट घातली. आधी रिंग फिरवून आठवडाभर चालव. मग एअर शॉकअप बसव, आणि दाब किती ठेवायचा हे तू ठरवायचं नाही. काटेवाला पंप घेऊन बायकोला मागे बसव, स्टेशन रोडच्या खड्ड्यांतून एक फेरी मार आणि तिला विचार.

काल रात्री दोघं फेरी मारून आली. हा म्हणत होता पस्तीस पीएसआय बरोबर आहे, गाडी कशी खणखणीत उभी आहे बघा. सून मागून उतरली, कंबरेवर हात ठेवून क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चाचा, यांना सांगा, पाच कमी करा." त्याने पंप काढला.