वैमानिकाचा ‘नाही’ म्हणण्याचा हक्क

वैमानिकांच्या नोकरीचा प्रश्न समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर कशाला, असे आपल्यातील अनेक साथींना वाटेल. ऊसतोड मजूर, कंत्राटी सफाई कामगार, अंगणवाडीसेविका यांचे प्रश्न लोंबकळत पडले असता लाखांत वेतन मोजून घेणाऱ्यांची वकिली करायची कशासाठी? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो कच्च्या अर्थशास्त्रावर उभा आहे. वेतनाचा आकडा पाहून कोणी कामगार ठरत नाही. उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची आणि कामाच्या अटी कोण ठरवतो, ही खरी कसोटी होय. या कसोटीवर वैमानिक हा कामगारच आहे, आणि त्याच्या हतबलतेची किंमत प्रवाशांना प्राणाने मोजावी लागू शकते.

आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करू. खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, सार्वजनिक पैशातून उभी राहिली. तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून भोवतालच्या उद्योगांवर निर्बंध आले. त्यामुळे जुन्नर-आंबेगावच्या शिकलेल्या मुलांना रोजगारासाठी पुणे-मुंबईची वाट धरावी लागते. यातील एखाद्याने वैमानिक व्हायचे ठरवले, तर बापाला द्राक्षबाग गहाण टाकावी लागेल, कारण उड्डाणाचे शिक्षण बहुतांशी खाजगी बाजाराच्या हवाली आहे. याच पुणे जिल्ह्यात, बारामतीला, १९ व २२ ऑक्टोबर २०२३ रोजी रेडबर्ड या एकाच प्रशिक्षणसंस्थेची दोन विमाने कोसळली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संस्थेचे प्रशिक्षण स्थगित केले. ती कारवाई आवश्यकच होती. परंतु संस्थेला कुलूप लागले म्हणून विद्यार्थ्याच्या कर्जावरील व्याज काही थांबत नाही! संस्थेच्या कारभाराचा भुर्दंड अखेर शिकणाऱ्यावरच पडतो.

परवाना हाती पडल्यावर तरी चित्र पालटते काय? एप्रिल २०२२ मध्ये महासंचालनालयाने स्पाइसजेटच्या ९० वैमानिकांना बोइंग ७३७ मॅक्स चालविण्यास मनाई केली. विमान हवेतला आधार गमावण्याच्या बेतात असता वैमानिकापुढील दांडी थरथरवून इशारा देणारी यंत्रणा प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरमध्ये नादुरुस्त होती, आणि तशाच सिम्युलेटरवर प्रशिक्षण उरकले गेले होते. याच जातीच्या दोन विमानांना २०१८ व २०१९ साली इंडोनेशिया आणि इथिओपियात झालेल्या अपघातांत ३४६ माणसे मृत्युमुखी पडली होती. विमानात बसविलेल्या नव्या नियंत्रणप्रणालीची माहिती पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांना दिलीच गेली नव्हती. हा इतिहास ताजा असताना स्पाइसजेटला दंड झाला तो अवघा दहा लाखांचा. मालकाच्या जमाखर्चात प्रशिक्षण हा ‘खर्च’ असतो, आणि खर्च कापणे हा नफ्याचा स्वभावधर्मच आहे.

सिम्युलेटर बिघडलेला आहे, हे सर्वप्रथम कोणाला कळते? त्यावर बसणाऱ्याला. मग तो बोलत का नाही? त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, पुढची बढती व्यवस्थापनाच्या हाती आहे, आणि पाठीशी संघटना नाही. प्रशिक्षणातील हयगय, नोकरीची अशाश्वती आणि संघटनेची गळचेपी हे एकाच गाठीचे तीन पदर आहेत.

अशाश्वतीचा न्याय कसा एकतर्फी आहे पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये असा नियम झाला की नोकरी सोडावयाची तर कप्तानाने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी. मात्र १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा हजारो कर्मचाऱ्यांचे थकलेले वेतन हवेतच राहिले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. कामगाराला वर्षभराचा दोर आणि मालकाला रातोरात मोकळीक, याला करारस्वातंत्र्य म्हणावयाचे काय?

याच जेटच्या वैमानिकांनी २००९ मध्ये संघटना स्थापन केली, तेव्हा कंपनीने दोघांना बडतर्फ केले. सप्टेंबरात शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली आणि काही दिवसांतच व्यवस्थापनाला बडतर्फी मागे घेणे भाग पडले. या अनुभवावरून मालकवर्ग काय शिकला, ते २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत दिसते. निम्म्या वा अधिक कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली सामूहिक रजा हा आता संपच ठरतो, आणि संपासाठी किमान चौदा दिवसांची आगाऊ नोटीस बंधनकारक आहे. शिवाय पर्यवेक्षकाचे काम करून १८,००० रुपयांहून अधिक मासिक वेतन घेणारा मुळी ‘कामगार’च नव्हे. कप्तान हा पर्यवेक्षक असल्याचा युक्तिवाद मालकांनी न्यायालयांत याआधीच करून पाहिला आहे.

संघटित शक्तीने काय साधते याचेही उदाहरण डोळ्यांपुढे आहे. वैमानिक संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर विश्रांतीचे नवे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या उतरणीवर मर्यादा आली. १ नोव्हेंबर २०२५ पासून दुसरा टप्पा सुरू झाला. परंतु इंडिगोने पुरेसे वैमानिक सिद्ध ठेवले नव्हते. डिसेंबरात हजारो उड्डाणे रद्द झाली. तेव्हा शासनाने काय केले? त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली! प्रवाशांच्या हालांची ढाल पुढे करून वैमानिकांची झोप हिरावून घेतली गेली.

वैमानिक संघटनांचे दोषही झाकून ठेवता कामा नयेत. २०१२ साली एअर इंडियातील इंडियन पायलट्स गिल्डने ५८ दिवस लढा दिला. वादाचे मूळ ड्रीमलायनर विमानाच्या प्रशिक्षणात होते. विलीनीकरणाने आलेल्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना त्या प्रशिक्षणात वाटा नको, असा तो आग्रह होता. सहकाऱ्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या या लढ्यातून सुमारे शंभर बडतर्फ्या आणि मान्यता गमावलेली संघटना एवढेच तत्काळ पदरी पडले. विमानात सामान चढवणाऱ्या कंत्राटी मजुराशी ज्या संघटनेचे नाते नाही, तिच्या हाकेला संकटकाळी कोण धावणार?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. उड्डाणाचे शिक्षण सार्वजनिक संस्थांतून परवडणाऱ्या शुल्कात मिळावे. कंपनीच्या विमानासाठी लागणारे विशेष प्रशिक्षण कंपनीच्याच खर्चाने व्हावे. संघटनेला गुप्त मतदानाने मान्यता मिळावी, आणि प्रशिक्षण व सुरक्षा समित्यांवर तिचे निर्वाचित प्रतिनिधी असावेत. असुरक्षित विमान वा अपुरे प्रशिक्षण यांची तक्रार करणाऱ्यास बडतर्फीपासून कायद्याचे संरक्षण हवे.

विमानात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसालाही हा लढा आपला वाटला पाहिजे. जी संहिता कप्तानाचे तोंड बंद करते तीच चाकणच्या कारखान्यातील जुळारीला लागू आहे. ‘हे यंत्र धोक्याचे आहे, मी चालवणार नाही’ असे म्हणण्याचा हक्क कामगाराला संघटनेवाचून मिळत नाही, मग ते यंत्र जमिनीवरचे असो वा आकाशातले.