दत्तक घेतलेले वाळवंट

रहस्यकथेत प्रदेशाला बहुधा नाटकातल्या पडद्याचे स्थान असते. खून वाड्यात झाला काय किंवा जहाजावर झाला काय, कोडे तेच राहते. टोनी हिलरमन (१९२५–२००८) यांच्या कादंबऱ्यांतून मात्र प्रदेश वजा केला, तर कोडेच उरत नाही. म्हणूनच त्यांना रंजनपर लेखकांच्या रांगेत बसवून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

हिलरमन मूळचे वाळवंटातले नव्हेत. ओक्लाहोमातल्या सेक्रेड हार्ट या खेड्यात, गरिबीत ते वाढले. दुसऱ्या महायुद्धात जबर जखमी होऊन परतल्यावर, १९४५ मध्ये ट्रकने माल पोचवताना ते न्यू मेक्सिकोतल्या नावाहो प्रदेशात गेले. तेथे युद्धावरून परतलेल्या नावाहो सैनिकांसाठी चाललेला विधी त्यांच्या दृष्टीस पडला. रणांगणाची बाधा उतरवून माणसाला पुन्हा आपल्या माणसांत आणणारा तो विधी. स्वतः जखमी असलेल्या तरुणाच्या मनात तो रुतून बसला. १९७० साली ‘द ब्लेसिंग वे’ ही त्यांची पहिली कादंबरी आली, तीत हाच विधी आहे. म्हणजे पाहणे आणि लिहिणे यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. ‘इंडियनांचा भाग काढून टाका’ असा एका मध्यस्थाचा सल्ला त्यांनी मानला नाही, हे आपले भाग्यच.

त्यांचा पोलीस अधिकारी जो लीपहॉर्न योगायोग मानत नाही. भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचून तो घटनांचा आकृतिबंध शोधतो. जिथे पाणी नाही, सावली नाही, तिथे माणूस विनाकारण जात नाही. त्यामुळे प्रत्येक पाऊलखूण प्रश्न होते. गुन्हा म्हणजे ‘होझो’चा, नावाहोंना अभिप्रेत असलेल्या सुसंवादाचा भंग. त्यामुळे गुन्हेगार सापडला तरी बिघडलेला तोल सावरायचा उरतोच.

परक्याने दुसऱ्यांचे पवित्र विधी कथेत वापरावेत का, हा आक्षेप गंभीर आहे. १९८७ मध्ये नावाहो राष्ट्राने हिलरमन यांचा ‘विशेष मित्र’ म्हणून गौरव केला. पण मानपत्राने असा प्रश्न मिटतो, असे मी मानत नाही. माझ्या मते उत्तर कादंबऱ्यांतच शोधावे लागते. लीपहॉर्न संशयवादी, तर तरुण जिम ची पोलिसातली नोकरी सांभाळून विधिगायक होण्याची साधना करणारा. दोघेही नावाहो, आणि दोघांचे परंपरेविषयी एकमत नाही. संस्कृतीला संग्रहालयातली वस्तू समजणारा लेखक तिच्यातला हा वाद पाहू शकत नाही. हिलरमन यांनी तो पाहिला, आणि कथानकाचा कणा केला.

प्रादेशिक कादंबरी शिकवताना आपण लेखकाचे जन्मगाव आधी विचारतो. त्याऐवजी त्याने त्या प्रदेशात ऐकून घेण्यात किती वर्षे घालवली, हे विचारून पाहावे. जन्मभूमी आपल्याला आयती मिळते. दत्तक भूमीचे ऋण मात्र प्रत्येक पुस्तकागणिक फेडावे लागते.