उसनें बालपण

परदेशीं स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांविषयीं आपल्याकडे एक मत मोठ्या आदरानें बोललें जातें. तें असें कीं, जे आईबाप आपलें स्वतःचें बालपण परक्या देशांतही मुलांना जसेंच्या तसें देतात, ते धन्य होत. आणि ज्यांच्या मुलांना विटीदांडू, दिवाळींतला मातीचा किल्ला व आजीच्या हातचा मऊ भात ठाऊक नाहीं, ते आपल्या कर्तव्यास चुकले. हें मत ऐकावयास गोड आहे. परंतु तें मुळांतच चुकीचें आहे, आणि त्याचा भुर्दंड ज्यांचा कांहींएक अपराध नाहीं अशा मुलांना भरावा लागतो.

ज्या बालपणाचा हा आग्रह आहे, तें आतां शिल्लक तरी कोठें आहे? अमेरिकेनें १९६५ सालीं आपला प्रवेशाचा कायदा बदलल्यावर इकडून डॉक्टर व एंजिनियर मोठ्या संख्येनें तिकडे गेले. त्यांपैकीं जो गिरणगांवांत वाढला, त्याच्या कानांत गिरणीचा भोंगा अजून घुमतो. परंतु १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या व त्यांच्या जागीं उंच मनोरे उभे राहिले. मनुष्य देश सोडतो त्या दिवशीं त्याच्या मनांतला देश थांबतो. खरा देश मात्र आपल्या गतीनें चालतच राहतो. म्हणून बाप ज्या गांवाची आठवण मुलाकडून पाठ करून घेतो, तें गांव मुलाला न्यू जर्सींत सांपडत नाहीं आणि परळांतही सांपडत नाहीं.

स्मृति ही ऋतूंशीं बांधलेली असते, हेंही आपण विसरतों. आपल्या सुट्ट्या वैशाखांतल्या. तिकडील शाळा जून महिन्यांत सुटतात. मुलाला घेऊन बाप कोंकणांत उतरतो तेव्हां हापूस संपलेला असतो, अंगण चिखलानें भरलेलें असतें, आणि त्या बिचाऱ्यानें मात्र बापाच्या मे महिन्याचा आनंद मानावा अशी अपेक्षा असते. त्यानें तोंड वांकडें केलें कीं, "याला आपल्या मातीची ओढ नाहीं," असा निकाल! अमेरिकेनें आपल्याकडील आंब्यावरची बंदी २००७ सालीं उठविली, आणि पेट्या समुद्रापार जाऊं लागल्या. परंतु मे महिन्याची दुपार, माळ्यावरची आढी आणि भावंडांचीं भांडणें कोणत्याही पेटींत भरतां येत नाहींत. उलट, पहिलें हिम पडून शाळा बंद झाल्याच्या सकाळीं त्याच मुलाला जो हर्ष होतो, तोही बालपणाचाच हर्ष नव्हे काय? त्याला परका म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला?

यावर प्रतिपक्षी म्हणतील, "अशानें मराठीपण बुडेल." दाखल्याला ते आनंदीबाई जोशींचें नांव घेतील. आनंदीबाई १८८३ सालीं फिलाडेल्फियास गेल्या व आपला आहार-पोषाख न सोडतां १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, हें खरें. परंतु त्या गेल्या तेव्हां अठरा वर्षांच्या होत्या. त्यांचा निग्रह हा त्यांचा स्वतःचा निश्चय होता, कोणीं त्यांच्यावर लादलेली आठवण नव्हे. खरा दाखला पाहावयाचा असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा पाहावा. गोव्यांत जन्मलेले हे गृहस्थ वयाच्या अकराव्या वर्षीं, १९१८ सालीं, वडिलांबरोबर अमेरिकेस गेले. शाळेचीं बरींचशीं वर्षें त्यांनीं मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें काढलीं व १९२९ सालीं ते हार्वर्डचे पदवीधर झाले. याच मनुष्यानें पुढें पुण्याच्या भोंवतालच्या टेकड्या पायांखालीं घातल्या, ग्रामदेवतांचीं ठाणीं धुंडाळलीं, भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति १९४८ सालीं सिद्ध केली आणि १९५६ सालीं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवें वळण देणारा ग्रंथ लिहिला. परक्या शाळेंत गेलेल्या बालपणानें त्यांचा देश हिरावून घेतला नाहीं. स्वतःच्या जिज्ञासेनें जो शोधला, तोच देश त्यांचा झाला.

दुसरा दाखला मॉरिशसचा. एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतून करारावर मजूर म्हणून गेलेल्या लोकांचे वंशज तेथें आहेत. त्यांच्या घरांत बहुधा क्रिओल भाषा चालते. पूर्वजांच्या गांवाची प्रत्यक्ष आठवण कोणालाच असणें शक्य नाहीं. तरीही गणेशचतुर्थीस त्या देशांत सार्वजनिक सुट्टी असते आणि कोंकणांतली जाखडी तेथें झाकरी या नांवानें नाचली जाते. नांव बदललें, उच्चार बदलले, भोंवतालचा समुद्र बदलला. नाच मात्र टिकला. कां टिकला? प्रत्येक पिढीनें तो आपल्या पायांनीं नाचला म्हणून. वाडवडिलांचीं पावलें मोजीत बसली असती, तर ती पिढी केव्हांच थकून बसली असती.

तात्पर्य, भाषा देतां येते, सण देतां येतो, गोष्ट देतां येते. आठवण मात्र देतां येत नाहीं. दिलेली आठवण म्हणजे उसनें बालपण, आणि उसन्या वस्तूची परतफेड मागितली जातेच. ती पदोपदीं मागितली गेली कीं मूल प्रथम ओशाळतें, मग गप्प होतें, आणि शेवटीं उंबऱ्याबाहेर पडतांच मराठी हा शब्दच टाळूं लागतें.

या पापांत केवळ तिकडचे आईबाप नाहींत, येथील आपण सुशिक्षित नातलगही वांटेकरी आहों. सुट्टींत आलेल्या भाच्यानें "मी पाणी पिलो" म्हटलें कीं सारा दिवाणखाना हंसतो आणि कोणी हौशी काका त्याच्याकडून तेंच वाक्य पुनः वदवून घेतो. त्या हंसण्यांत प्रेम असेल. पण मुलाला तें कळत नाहीं. त्याला एवढेंच कळतें कीं ही भाषा आपली नाहीं, हे लोक तिचे मालक आहेत. मराठी मरणार असेल तर ती न्यू जर्सींतल्या हिमानें मरणार नाहीं. ती अशा दिवाणखान्यांत मरेल. चुकत बोलणारें मूल बोलत तरी असतें. त्याला पाण्याचा पेला द्यावा, आणि त्याच्या गांवीं हिम कसें पडतें, हें त्याच्याच मराठींत सांगूं द्यावें.