पडक्या गिरणीतला कलामेळा

दिवाळीच्या वाती वळण्याचे काम आमच्या घरी सर्वांत वडील माणसाकडे असते. म्हणजे आता माझ्याकडे. कापूस घरचाच. सीतादहीची पूजा झाली, पहिली वेचणी झाली, की त्यातला मूठभर देवघरात येतो. परवा मांडीवर वात धरून बसलो असता दोन तरुण स्नेही आले. एक अकोल्याचा, चित्रकार. दुसरा अमरावतीचा, नाटकवाला. म्हणाले, "काका, आपल्या वऱ्हाडात इतक्या गिरण्या बंद पडून आहेत. कोचीला, मुंबईला होतो तसा कलामहोत्सव एखाद्या गिरणीत भरवू या की! पडक्या भिंती काय सुंदर दिसतात!"

शेवटच्या वाक्याला माझी वात तुटली.

पडकी भिंत सुंदर दिसते हे खोटे नव्हे. उन्हे तिरपी झाली, विटांतून पिंपळ फुटला, की पाहणारा थबकतोच. पण वाचकहो, तो पाहणारा कोण, हे आधी विचारावयास नको काय? माझे वडील अशाच एका गिरणीत थ्रॉसल खात्यात तीस वर्षे होते. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळून येई. आई म्हणे, अंगचोरपणा! पुढे कळले की कापसाच्या धुळीने होणाऱ्या त्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात, आणि सोमवारी जोर करणे हीच त्याची खूण. गिरणी बंद झाली, तेव्हा हिशेब अर्धा मिळाला. उरलेल्या अर्ध्यासाठी ते मरेपर्यंत चपला झिजवीत राहिले. त्यांना मी त्या भिंतीकडे सौंदर्यदृष्टीने पाहताना कधी पाहिले नाही.

मी कलेचा वैरी नाही. 2017 साली मुंबईच्या ससून गोदीत चित्रांचा मेळा भरला, तो मी मुद्दाम जाऊन पाहिला. ही गोदी 1875 सालची. मुंबईच्या कापूस-व्यापाराला तिने हात दिला. तेव्हा तिच्याशी आम्हा वऱ्हाडकरांचे नाते जुनेच म्हणायचे. भिंतींवर कोळ्यांच्या चेहऱ्यांची भली थोरली छायाचित्रे लावली होती. छायाचित्रे उत्तम होती, यात शंका नाही. मात्र त्याच चेहऱ्यांची माणसे खाली कोळंबी सोलीत बसली होती आणि पाहुणे त्यांच्यावरून नाकाला रुमाल लावून चालले होते. तरी ससून गोदीचे एक बरे, की ती जिवंत आहे. पाहुणे गेले तरी मासळी येते, लिलाव होतो. कोचीच्या महोत्सवाचे मुख्य घर, ॲस्पिनवॉल हाऊस, ही 1867 सालच्या व्यापारी पेढीची वास्तू. 2012 साली पहिला महोत्सव भरला, तेव्हा तो जुना व्यापार केव्हाच सरलेला होता.

आमच्याकडची गोष्ट निराळी. अचलपूरची फिनले मिल 2020 च्या टाळेबंदीत थांबली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्यांची चाके तेव्हाच थांबली. याला इतिहास म्हणत नाहीत. तिथला जॉबर अजून बाजारात भाजी घेताना भेटतो.

आणि भिंती सुंदर ठरल्या की जमीन महाग होते, हेही आमच्या कलावंतांनी ध्यानात ठेवावे. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले? 1991 च्या नियमात तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला आणि तिसरा घरांना होता. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि गिरणीच्या आवारात रिकामी जमीन ती किती असणार! फिनिक्स मिलमध्ये आज काय विकत मिळत नाही? एक कामगाराचे काम सोडून सारे मिळते. हे पाप चित्रकारांचे नव्हे, हे मीही जाणतो. पण मांडव आपण घालायचा आणि लग्न दुसऱ्याचेच लागायचे, असे व्हावयास नको.

इकडे दुसरी एक मंडळी आहे. त्यांचे म्हणणे, पोटाला नाही तिथे चित्रे कसली? यांच्याशीही माझे जमत नाही. नारायण सुर्वे गिरणी कामगाराच्या घरातच वाढले. आमच्याकडे दंडार रंगायची ती दिवसभर राबलेल्या माणसांचीच. गिरणीत कला नवी नाही. आता येऊ म्हणणारे कलावंत नवे आहेत. मग त्यांनी पाहुण्यासारखे, विचारून यावे.

जर्मनीतल्या एसेनची झोलफेराइन कोळशाची खाण 1986 साली बंद झाली. 2001 साली जागतिक वारसा ठरली. त्या रूर खोऱ्यातल्या जुन्या कारखान्यांत 2002 पासून संगीत-नाटकाचा मोठा महोत्सव होतो. पण त्या खाणी मिटवताना निवृत्तिवेतनाची सोय लावण्यात सरकारचा पैसा ओतला गेला, आणि खाण दाखवायला पूर्वीचे खाणकामगारही उभे राहिले. आमचे तरुण एसेनची छायाचित्रे दाखवतात, हे दाखवीत नाहीत.

म्हणून मी दोघांना तीन गोष्टी सांगितल्या. थकलेल्या देण्यांचा तक्ता महोत्सवाच्या दारातच लावा, चित्राइतकाच मोठा. साचे कसे चालत, भोंगा किती वाजता होई, हे जुन्या कामगारांनी सांगावे आणि त्याचे मानधन घ्यावे. आणि महोत्सव संपल्यावर त्या जागेचे काय होणार, याचा लेखी कागद मालकाकडून आधी घ्या.

चित्रकार म्हणाला, "काका, मग मालक जागाच देणार नाही."

एवढ्यात शेजारचे जुने जॉबर फराळाला आले. सगळे ऐकून घेतले, चिवड्याची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बापू, मले आत जायाले तिकीट लागन का?"

नाटकवाल्याने पत्रिकेचा मसुदा काढून चाळला. प्रायोजकांची जागा सोडलेली होती, प्रमुख पाहुण्यांची होती. त्याने तो घडी करून खिशात घातला आणि भाऊबीजेनंतर पुन्हा येतो म्हणाला.