पापलेट लहान का झालं?

आमच्या मेसमध्ये महिन्यातून एकदा मासे असतात. मागच्या खेपेला ताटात तळहाताएवढंही नसलेलं पापलेट आलं आणि आम्ही सगळे मेसवाल्या काकांवर तुटून पडलो. माझा रूम पार्टनर तेवढा गप्प होता. तो सातपाटीचा. शेवटी म्हणाला, "अरे, काकांना काय बोलता? जाळ्यातच एवढं येतंय."

मी पडलो नाशिकचा, त्यात कॉन्व्हेंटवाला. मासा बघितला तो बायॉलॉजीच्या पुस्तकात! म्हणून रात्री त्यालाच पिडलं. त्याच्या आजोबांची होडी सकाळी जायची, संध्याकाळी परत. आता वडिलांची बोट चार-चार दिवस बाहेर असते. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार सगळा वाढलेला. एवढं करून मासळी मिळेलच याची खात्री नाही. याची फी मात्र त्याच बोटीवर भरली जाते.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात २०१८ मध्ये २.९५ लाख टन मासळी मिळाली, २०१९ मध्ये फक्त २.०१ लाख टन. ४५ वर्षांतला नीचांक! त्या वर्षी वादळंही झाली हे खरं, पण सगळा दोष वादळांना देऊन कसं चालेल? इंजिनं मोठी झाली, जाळ्यांचे आस बारीक झाले. पिल्लंच उचलली तर पुढच्या वर्षी अंडी घालणार कोण?

सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारही ठरवला. नियम चांगलाच आहे. पण बारीक आसाच्या जाळ्यात आलेलं पिल्लू वर येईपर्यंत बहुतेक वेळा मेलेलं असतं. ते परत टाकून काय उपयोग? खरा उपाय मोठ्या आसाचं जाळं. ते घेतलं की पहिले काही महिने मासळी कमी येणार आणि तो तोटा एकट्या मच्छीमाराच्या माथी! शेजारच्या बोटीने तेच पिल्लू उचललं तर हा बिचारा दोन्हीकडून मेला.

म्हणून माझं मत असं. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा दिला. मग जो मोठ्या आसाचं जाळं वापरेल, त्याला त्या पहिल्या हंगामाची भरपाई द्या. आणि नियम सगळ्या बोटींना सारखा लावा. मोठ्या पापलेटला किलोमागे भावही जास्त मिळतो, म्हणजे थांबणाऱ्याचं पुढे नुकसान नाही. फक्त थांबायच्या काळात त्याच्या घरची चूल पेटली पाहिजे.

आणि मित्रांनो, आपण? लहान पापलेट विकलं जातं, कारण ते घेणारे आपण आहोत. पुढच्या महिन्यात मेस कमिटीत मी सांगणार आहे, पिल्लू आणू नका, त्या दिवशी अंडाकरी चालेल. रूम पार्टनर हसला. म्हणाला, "आधी तू बोंबील आणि बांगडा ओळखायला शीक!"

शिकतोय. तोवर ताटात काय पडतंय ते बघून खाऊया.