डब्यावरचा पत्ता

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळची कपाशी डोक्याच्या वर गेली होती. पाठीवर पंप, अंगात साधा सदरा आणि उडालेलं औषध थेट तोंडावर. फवारणीच्या त्या विषबाधेत वीसहून अधिक माणसे दगावली, शेकडो दवाखान्यात गेली. त्यातली ‘पोलो’ या स्विस सिंजेंटा कंपनीच्या कीटकनाशकाची तक्रार थेट स्वित्झर्लंडला पोचली. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधितांनी बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या ओईसीडी संपर्क केंद्राकडे दाद मागितली. सिंजेंटाने आरोप नाकारले. पण उत्तर तरी द्यावे लागले. बाधितांच्या संघटनेमागे ‘पब्लिक आय’ ही स्विस संस्था उभी होती.

यात परकीय कारस्थान शोधणाऱ्यांनी शोधावे. दुखणे निराळे आहे. त्याच हंगामात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशकही फवारले गेले, आणि ते आपल्याच कारखान्यांत तयार होत होते. ‘पब्लिक आय’च्या स्विस वर्गणीदाराला स्वतःच्या गावच्या कंपनीची लाज वाटते, हे रास्तच. आपल्या कारखानदाराची लाज त्याने का वाहावी? ती आपण वाहायची. पण इथल्या कंपन्यांचा सीएसआर शाळेला बाके देतो, फार तर फवारणीवाल्याला मास्क वाटतो; औषध कंपनीवर दावा लावायला पैसे कोण देणार?

मग उरतो परका पैसा. पण त्याच सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने परकीय योगदानाचा कायदा आवळला. मोठ्या संस्थेने आलेली रक्कम यवतमाळमधल्या घाटंजी-केळापूरच्या छोट्या संस्थेकडे वळवायची नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर, आणि वकिलाची फीसुद्धा त्यातच धरायची. म्हणजे मेळावे भरवा, पत्रके छापा. कोर्टाची पायरी चढताना मात्र हात आखडता. सरकारला स्वतःला परक्या पैशाचे वावडे नाही बरं का: याच यवतमाळसह विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतला ‘केम’ हा शेती प्रकल्प आयफॅड या संयुक्त राष्ट्रांच्या कृषी निधीच्या कर्जावर चालला.

फवारणारा बहुधा मजूर. औषधाची पावती मालकाच्या नावावर, मजुराच्या हाती कागद नाही. अशा घरी गेलेल्या कार्यकर्त्याने बांधावरचा रिकामा डबा उचलून आधी उत्पादकाचा पत्ता वाचला, आणि तो देशातलाच निघाल्यावर मुकाट्याने खाली ठेवला, तर त्याला बोल कसा लावायचा?